हेडीफॉसचं बारसं

"या वेळी नाव माझंच!" हेडी ब्रोडबेकने नऊच्या कॉफीला सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं.

बाझेलच्या त्या प्रयोगशाळेत रीतच तशी होती. नवं संयुग पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात ज्याच्या हाती लागेल, त्याचं नाव संयुगाला द्यायचं आणि पुढे 'फॉस' जोडायचं. हेडीचं संयुग नारिंगी, मधे लोखंड आणि बाजूला फॉस्फरसचे हात. औषधाचे रेणू चपलांसारखे डावे आणि उजवे, दोन्ही तयार होतात. या संयुगाने फक्त उजवे तयार करायचे होते, आणि त्यासाठी ते स्वतःही डावं-उजवं मिसळलेलं चालणार नव्हतं.

पण हेडीला कीर्ती नकोच होती हो! तिला हवा होता एमिल श्टॉकलिन. निदान त्याच्या तोंडून आपलं नाव तरी. समोरच्या तपासणी विभागातला हा सज्जन विधुर अकरा वर्षं तिला "ब्रोडबेकबाई" म्हणत आला होता. एकदा हेडीफॉस झालं की दिवसातून दहादा 'हेडी' म्हटल्याशिवाय त्याची सुटका नव्हती! नुसत्या कल्पनेनेच ती बाटल्या धुताधुता लाजायची.

गाजराचा केकसुद्धा सांगून झाला. वर साखरेत 'हेडीफॉस'.

पहिली खेप जरा कमी भरली. हेडीने घाईघाईत दुसरी केली आणि दोन्ही एकत्र ओतल्या. शुक्रवारी चाचणी झाली. एमिल कागद घेऊन आला.

"ब्रोडबेकबाई, डावे पन्नास, उजवे पन्नास."

"अहो, यंत्र बिघडलं असेल!"

"यंत्र ठणठणीत आहे. तुमच्या पावडरीतच डावी-उजवी निम्मी निम्मी आहे. दुसऱ्या खेपेला कच्चा माल कुठल्या बाटलीतला घेतलात?"

हेडीने फडताळ उघडलं. दोन बाटल्या शेजारी शेजारी. रंग तोच, वास तोच, फरक फक्त लेबलावरच्या अधिक-उणे चिन्हाचा. आणि नेमकं त्या दिवशी हाच माणूस दारात उभा राहून "आज छान दिसताय" म्हणाला होता! चिन्ह कोण बघत बसतंय?

केक तर येऊन पडला होता. तिने चमच्याने त्यावरचं नाव खरवडलं, तोंडात टाकलं आणि तिला रडूच फुटलं.

"रडू नका हो," एमिल गडबडून म्हणाला. "मी वेगळं करून देतो."

नऊ दिवस तो आपल्या यंत्राशी बसून थेंबाथेंबाने डावं-उजवं निवडत राहिला. हेडी रोज कॉफी नेऊन द्यायची. हे काम कधी संपूच नये, असं तिला वाटायचं. दहाव्या दिवशी चाचणी झाली. उजवे नव्व्याण्णव!

विभागप्रमुख डॉक्टर हुन्त्सिकरांनी वाइनचा पेला उचलला. "शुद्ध स्वरूपात पहिल्यांदा कुणाच्या हाती लागलं? श्टॉकलिनच्या! तेव्हा नाव एमिलफॉस!"

"अहो, पण बनवलं ब्रोडबेकबाईंनी..." एमिल ओशाळला.

"रीत म्हणजे रीत!"

आपल्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाणा जुळवतात, तोही सणासुदीला. इथे लग्नाचा पत्ता नाही, आणि हेडी सकाळपासून "एमिलफॉस कुठंय? एमिलफॉस संपलं का?" करत हिंडते.

परवा फडताळापाशी कुणी नाही असं बघून तिने नुसतंच "एमिल" म्हणून पाहिलं.

"हाक मारलीत?" मागून आवाज आला.

"छे हो! दोन ग्रॅम हवं होतं."

"मग पूर्ण नाव घेत चला, ब्रोडबेकबाई. घोटाळे होतात," तो गंभीरपणे म्हणाला आणि बरणी तिच्या हातात ठेवून निघून गेला.