आरोग्याच्या कारणास्तव साफसफाई नको

क्रूझवर असताना आपल्या केबिनची रोजची साफसफाई करू द्यावी की नम्रपणे नाकारावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी किरकोळ वाटतो. मी सगळी हयात आस्थापना विभागात काढली असल्याने मला कुठलाच प्रश्न किरकोळ वाटत नाही. किरकोळ प्रश्न वेळीच हाताळला नाही की तो वरिष्ठांकडे जातो, आणि वरिष्ठांकडून परत येतो तेव्हा त्याचा चेहरामोहरा असा बदललेला असतो की जन्मदात्यानेही ओळखू नये.

आम्हा दोघांना जहाजावर मुलीने पाठवलं. आईला साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून. म्हणजे निमित्त पत्नी होती, मी केवळ अनुषंगिक होतो. पत्नीची या सहलीकडून एकच मागणी होती आणि बंदरावरच्या रांगेत उभी असतानाच तिने ती तोंडी सादर केली.

"मला समुद्र नाही दिसला तरी चालेल," ती म्हणाली. "गाणी नकोत, खेळ नकोत. मला फक्त बाहेरून फिरून यायचंय, दार उघडायचंय, आणि पलंग आवरलेला बघायचाय. दुसऱ्या कुणीतरी आवरलेला. लग्न झाल्यापासून बघितला नाही हो मी तसा."

मी ही मागणी तत्त्वतः मान्य केली. तत्त्वतः मान्य करायला काही खर्च पडत नाही.

केबिनमध्ये बॅगा ठेवतो न ठेवतो तोच दारावर टकटक झाली. दारात इस्त्रीचं जाकीट घातलेला एक हसरा माणूस उभा होता. "नमस्कार साहेब, नमस्कार मॅडम. मी तुमचा केबिन अटेंडंट. सकाळी येईन, पलंग आवरीन, टॉवेल बदलीन. संध्याकाळी पुन्हा एक चक्कर. काळजीच करू नका, या गल्लीतल्या सगळ्या केबिन माझ्याकडेच आहेत."

पत्नीने त्याच्याकडे अशा काही कृतज्ञतेने पाहिलं, की मला माझ्या बढतीचा दिवस आठवला. त्या दिवशी तिने माझ्याकडेसुद्धा असं पाहिलं नव्हतं.

माझं लक्ष मात्र त्याच्या शेवटच्या वाक्यावर अडलं होतं. सगळ्या केबिन! आमच्या शेजारच्या केबिनमधले गृहस्थ बंदरावर माझ्यामागेच उभे होते, आणि ते इतके खोकत होते की रांग आपोआप पुढे सरकत होती. आता याचा हात आधी त्यांच्या उशीला लागणार आणि मग तोच हात माझ्या उशीला लागणार. इतकी उघड गोष्ट जहाजावर कुणाच्याही ध्यानात येऊ नये, याचं मला नवल वाटलं नाही. उघड गोष्टी ध्यानात आणून देण्यासाठीच माझ्यासारख्यांना पगार मिळत असे.

"आपण साफसफाई नाकारायची," मी जाहीर केलं.

"मग पलंग कोण आवरणार?"

"आपण."

"घरीही आपणच आवरतो," ती म्हणाली. "रोज सकाळी. तुम्ही पेपर वाचत असता तेव्हा."

"हा आरोग्याचा प्रश्न आहे."

"माझ्या साठाव्या वर्षाचा होता. आता तुमच्या आरोग्याचा झाला." एवढं बोलून ती खिडकीकडे तोंड करून बसली. आमच्या केबिनच्या खिडकीतून जहाजाचीच एक लोखंडी भिंत दिसत असे. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण निर्णय झालेला होता, आणि झालेला निर्णय वाईट वाटलं म्हणून फिरवायचा तर कार्यालयं चालायची कशी? मी दाराच्या मुठीला लाल कार्ड अडकवून टाकलं. त्यावर लिहिलं होतं, 'साफसफाई नको'.

दुसऱ्या दिवशी सकाळी अटेंडंटने ते कार्ड पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. "माझं काही चुकलं का, साहेब? तुम्ही नको म्हणालात की वरून मला विचारतात, काय केलंस म्हणून."

"तुमचं काहीही चुकलेलं नाही," मी उदारपणे म्हणालो. "आरोग्याचं कारण आहे."

हे शब्द उच्चारताना मला बरं वाटलं. याच कारणास्तव मी नोकरीत असंख्य रजा मंजूर केल्या होत्या, आणि त्याहून थोड्याच कमी उपभोगल्या होत्या. या शब्दांना कधी कुणी उलट प्रश्न विचारल्याचं मला आठवत नव्हतं. जहाजावर मात्र ते शब्द अटेंडंटने जसेच्या तसे वर कळवले, आणि वरून हाउसकीपिंगच्या अधिकारी बाई खाली आल्या. खांद्यावर पट्ट्या, हातात टॅब.

"कारणाच्या जागी 'आरोग्य' आलंय," त्या म्हणाल्या. "कुणाचं आरोग्य?"

"माझं."

"काय होतंय?"

"काही होत नाहीये. होऊ नये म्हणून खबरदारी घेतोय."

बाईंनी टॅबवर बोट वर-खाली फिरवलं. "'होऊ नये' असा पर्याय यात नाही. 'होतंय' आणि 'होऊन गेलंय', दोनच आहेत."

पत्नी खिडकीपाशी बसून ऐकत होती. इथे एखादा अननुभवी माणूस वाद घालत बसला असता. मी स्वतः असे तक्ते तयार केलेले असल्याने काम अडवून धरू नये एवढी जाण मला होती. घडत असलेल्या गोष्टीपेक्षा घडून गेलेली गोष्ट नेहमीच सुरक्षित, असा विचार करून मी म्हणालो, "'होऊन गेलंय' लिहा."

"केव्हा?"

"लहानपणी कधीतरी. सगळ्यांनाच काहीतरी होऊन गेलेलं असतं."

"तारखेशिवाय पुढे जात नाहीये हे," बाई म्हणाल्या. "आजची टाकू?"

"टाका," मी म्हणालो. आस्थापना विभागात रिकामी जागा ठेवणं हा गुन्हा समजला जातो.

अशा रीतीने मला त्या दिवशी सकाळी काहीतरी होऊन गेलं. काय, ते तपासायला दुपारी जहाजाच्या दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. त्या थेट वॉर्डातून, अंगावर उलटी झालेल्या एका प्रवाशाला सांभाळून आल्या होत्या आणि तसं त्यांनी प्रांजळपणे सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, कपाळाला हात लावला, जीभ पाहिली. ताप नव्हता. त्या उठणार इतक्यात मला शिंक आली. केबिनमध्ये आदल्या दिवसापासून झाडू फिरला नव्हता, त्यामुळे ही शिंक सर्वस्वी नैसर्गिक होती. पण शिंकेची बाजू कोण ऐकून घेतं?

सिस्टर पत्नीकडे वळल्या. "तुम्ही यांच्या निकटच्या संपर्कात आहात का?"

"लग्नाला छत्तीस वर्षं झाली," पत्नी म्हणाली. "संपर्क असा नाही."

"मग तुम्हाला इथे ठेवता येणार नाही. निरोगी माणसाला संशयिताबरोबर ठेवत नाहीत. वरच्या मजल्यावर एक केबिन रिकामी आहे. बाल्कनी आहे, चालेल ना?"

चालेल की नाही याचा विचार करायला पत्नीने जो वेळ घेतला, तो वेळ म्हणता येणार नाही. तिने बॅग मुळात उघडलीच नव्हती, असा मला आजही संशय आहे. जाताना ती दारात थांबून म्हणाली, "जपा हं. पाणी पीत जा." आणि गेली.

मला निरीक्षणाखाली ठेवण्यात आलं. निरीक्षणाखालच्या प्रवाशाने बाहेर पडायचं नसतं, जेवणाचं ताट दाराशी येतं, आणि अशा केबिनमध्ये सकाळ-संध्याकाळ जंतुनाशक फवारणी होते. ती करायला चार माणसं आली. पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली, पाठीवर पंप लावलेली.

"तुम्ही आत्ता कुठून आलात?" मी उशी छातीशी धरून विचारलं.

"आजाऱ्यांच्या केबिनमधून," त्यातला पुढारी म्हणाला. "आधी आजारी, मग संशयित. क्रम ठरलेला आहे."

निरोग्यांच्या केबिनमधून येणारा एक माणूस नको, म्हणून मी दार बंद केलं होतं. आता आजाऱ्यांच्या केबिनमधून येणारे चार जण दिवसातून दोनदा येऊन माझ्या पलंगाभोवती फिरत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेजारचे गृहस्थ मात्र रोज बिनतक्रार साफसफाई करून घेत असल्याने जहाजाच्या दृष्टीने ते निरोगी होते. भिंतीपलीकडून त्यांचा खोकला निरोगीपणे ऐकू येत असे.

फवारणीने चादर ओली व्हायची आणि वाळली की कडक व्हायची. मी पुढाऱ्याला म्हटलं, "जाता जाता पलंग तेवढा आवरून द्या."

"ते हाउसकीपिंगचं काम. आम्ही फवारणीवाले."

"मग हाउसकीपिंगला पाठवा."

"तुम्ही नाकारलंय ना त्यांना," तो म्हणाला आणि जाताना माझं लाल कार्ड मुठीवर सरळ करून गेला.

मी नकार मागे घ्यायचं ठरवलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं पत्नी माझ्याबद्दल म्हणते, पण इथे पीळसुद्धा फवारणीने भिजला होता. अधिकारी बाईंनी उंबऱ्याबाहेरूनच माझं म्हणणं ऐकून घेतलं.

"नकार मागे घेता येतो," त्या म्हणाल्या. "फक्त त्याआधी निरीक्षण संपायला हवं. निरीक्षण संपायला पाहणी व्हायला हवी. आणि पाहणीत पलंग असा विस्कटलेला दिसला, तर रुग्ण दिवसभर पडून असतो असं धरतात."

"म्हणजे पलंग आवरायला माणूस यावा, म्हणून आधी पलंग आवरलेला हवा?"

"बरोबर," बाई म्हणाल्या. आपलं म्हणणं एका दमात समजणारा प्रवासी भेटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर निर्माण झाला. हा नियम माझ्याच हातचा शोभला असता.

तेव्हा पलंग मलाच आवरायचा होता. मी चादरीचं एक टोक खोचलं की समोरचं निघे, ते खोचायला गेलो की पहिलं निघे. अभ्र्यात उशी घातली तर निम्मी उशी बाहेर राहिली, आणि मी चारही बाजूंनी फिरून पाहिलं तरी ती का राहिली ते कळेना. शेवटी मी वरच्या मजल्यावर फोन लावला.

"अगं, चादर कोपऱ्यात कशी खोचायची असते?"

पलीकडे वारा वाहत होता. कपबशीचा आवाज आला. "कुठली चादर?"

"पलंगाची."

"अहो, इतकी वर्षं रोज तिच्यावर झोपताय."

"झोपणं आणि खोचणं ही दोन वेगळी खाती आहेत."

ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, पाणी प्यायली आणि पुन्हा हसली. असं हसताना मी तिला कितीतरी वर्षांनी ऐकत होतो. मला खरं तर राग यायला हवा होता. पण आलं ते रडू.

"ऐका," ती म्हणाली, "आधी गादीचा कोपरा वर उचला, मग चादर... अहो, थांबा थांबा. माझा माणूस आलाय पलंग आवरायला. मी खुर्ची घेऊन बसून बघत असते रोज. नंतर करा हं फोन." आणि तिने फोन ठेवला.

पहिल्या पाहणीत मी नापास झालो. "सुरकुत्या आहेत," बाई म्हणाल्या. "म्हणजे झोप अस्वस्थ आहे. अस्वस्थ झोप हे लक्षण आहे." मग मी अर्धा दिवस खपून चादर ताठ बसवली, आणि ती मोडू नये म्हणून खुर्चीत झोपलो. पुढच्या पाहणीत बाईंनी पलंगाकडे आणि माझ्या डोळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "पलंग वापरलेलाच दिसत नाही. झोप लागत नाहीये का? हेही लक्षणच."

माझं निरीक्षण संपलं ते मी बरा झालो म्हणून नव्हे. जहाज परत बंदराला लागलं आणि केबिन पुढच्या प्रवाशांना हवी होती, म्हणून. त्या सकाळी मला तडकाफडकी निरोगी घोषित करण्यात आलं. बाहेर पडताना अटेंडंट माझ्या शेजारून आत शिरला. मी बॅग उचलून वळून पाहिलं, तेवढ्यात त्याचा पलंग आवरून झालासुद्धा होता.

पत्नी खाली वाट बघत उभी होती. उन्हाने रापलेली, वजन थोडं वाढलेली आणि मला आवडेल इतकी ताजीतवानी. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्हीच आजारी दिसताय खरे," ती म्हणाली. एवढ्या मोठ्या जहाजावर माझी विचारपूस म्हणून झालेली ती पहिलीच.

घरी आलो. मी हातपाय धुऊन झोपण्याच्या खोलीकडे निघालो. निघताना घाईत टाकलेला पलंग तसाच असणार, हे मला माहीत होतं. खोलीच्या दाराच्या मुठीला ते लाल कार्ड लटकत होतं.

"हे कुठून आणलंस?"

"तुमच्याच केबिनच्या दारावरून," पत्नी म्हणाली. ती बाहेरच्या खोलीत माझ्या खुर्चीत बसून पेपर वाचत होती. "तुम्हाला आता त्याचं काम नव्हतं ना."

"पण घरात 'साफसफाई नको' म्हणजे काय?"

"आरोग्याचं कारण आहे."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"काय होतंय तुला?" मी खरोखरच घाबरून विचारलं.

"होतंय नव्हे," पान उलटत ती म्हणाली. "होऊन गेलंय. तारीख आजची टाका."

तेव्हापासून आमच्या घरातलं हे खातं माझ्याकडे आहे. चादर तीन कोपऱ्यांत बसते, चौथा विचाराधीन आहे.

वाचकांपैकी काही जण माझ्या फजितीला हसले असतील. अवश्य हसावं. फक्त ज्या उशीला टेकून आपण हसत आहात तिला अभ्रा कुणी घातला, हे एकदा आठवून पाहावं. आठवलं नाही, तर जरा हळू हसावं. ती व्यक्ती बहुधा पलीकडच्याच खोलीत असेल, आणि तिने जहाज पाहिलेलं नसलं तरी लाल कार्ड काय कुणालाही करता येतं.