चोवीस चुकांची वर्कशीट

गणिताच्या सरांना मुलं मागून ‘मऊसर’ म्हणत, आणि सरांना ते ठाऊक होतं. ठाऊक असून आवडत होतं. बावीस वर्षं शिकवलं, पण कुणा मुलाला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. राग यायचा नाही असं नाही. राग यायचा, उंबऱ्याशी थांबायचा, आणि चपला न काढताच माघारी जायचा. वहीत कितीही मोठी चूक असो, सर तिच्याखाली हिरव्या शाईने लिहीत: ‘छान प्रयत्न!’

अशा सरांना प्रशिक्षणात सांगण्यात आलं की आता गणिताची वर्कशीट कंप्युटरवर करायची. मूल चुकलं तर नुसती लाल फुली दाखवायची नाही. कुठली चूक झाली ते ओळखून, त्या चुकीपुरतं दोन शब्द बोलायचं. वाचायला अडखळणाऱ्या मुलांसाठी ते शब्द आवाजातही हवेत. सरांनी अपूर्णांकांचे आठ प्रश्न काढले. प्रत्येकाला तीन चुकीची उत्तरं, म्हणजे चोवीस चुका. त्या शोधायला सरांना लांब जावं लागलं नाही. शेवटच्या बाकावर एक मुलगी होती, जागेवर सतत गरगरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिची एक वही उघडली आणि चोवीसच्या चोवीस हाताशी आल्या.

रविवारी सर खोलीचं दार लावून, चाचणीपुरता आवाज भरून माइक तपासायला बसले. समोर पहिलीच चूक होती. अर्धा अधिक एक तृतीयांश, आणि उत्तर दोन पंचमांश. कुणी बघत नव्हतं, कुणी ऐकत नव्हतं. सरांच्या तोंडून आपोआप निघालं, “अगं बये! वरचे वर मिळवलेस, खालचे खाली मिळवलेस! अर्ध्यात आणखी भर घातली, आणि झालं अर्ध्याहून कमी? येताना वाटेत सांडलंस काय?”

बोलून झालं आणि सरांना कसं मोकळं मोकळं वाटलं. मग त्यांनी दुसरी चूक घेतली, तिसरी घेतली. बावीस वर्षं उंबऱ्याशी खोळंबलेला राग चपला काढून आत आला आणि पाय पसरून बसला. चोवीसही चुकांवर बोलून झाल्यावरच सर उठले, चेहऱ्यावर पाणी मारलं आणि आरशात बघायचं टाळलं.

सोमवारी त्यांनी सगळं नव्याने केलं. पडद्यावर गोड वाक्यं लिहिली, गोड आवाजात ती भरली. एवढंच, की जुना आवाज आधी पुसल्याशिवाय नवा तिथे बसत नाही, ही गोष्ट प्रशिक्षणात चहाच्या सुट्टीनंतर सांगितली होती आणि सर तेव्हा डुलक्या घेत होते. शेवटची तपासणी करायला बसले तेव्हा शेजारच्या खाटेवर आईचा नुकताच डोळा लागला होता. सरांनी आवाज बंद केला. चोवीस गोड वाक्यं डोळ्यांनी वाचली, समाधानाने मान डोलावली आणि वर्कशीट पाठवून दिली.

बुधवारी कंप्युटरच्या खोलीत मुलांनी हेडफोन चढवले. पाच मिनिटं शांतता. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. सरांच्या पडद्यावर वर्गाची खबर येत होती. पहिल्या नंबरचा मुलगा, चूक. पुन्हा चूक. पुन्हा चूक! बघता बघता सगळा वर्ग लालभडक झाला.

“काही अडतंय का रे, बाळांनो?” सरांनी घाबरून विचारलं.

“नाही सर! मस्त आहे सर!”

मुलं एकेक करून उठत शेवटच्या बाकाकडे जात होती. मध्यभागी भिंगरी. तिच्या कानाशी तोंड नेऊन मुलं काही विचारत, ती बोटांनी काही दाखवी, आणि मुलं पळत जागेवर जाऊन चुकत. सरांना काही कळेना. एवढंच कळलं, की आपलं शिकवणं मुळापासून फुकट गेलं. त्यांचे कान गरम झाले.

नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, चार पालकांना घेऊन नवा डिजिटल वर्ग दाखवायला आल्या.

“हे लाल लाल काय आहे, सर?”

“चुका आहेत, बाई.”

“सगळ्यांच्या?”

“सगळ्यांच्या.”

“आणि एवढं चुकून हसतायत? बघू तरी.” बाई भिंगरीच्या खुर्चीवर बसल्या. हेडफोन उचलायला गेल्या तर वायर बांगडीत अडकून निसटली. समोर आठवा प्रश्न होता. रेघेच्या वर दोन अधिक तीन, रेघेखाली दोन. बाईंचा विषय इतिहास, पण मागे पालक उभे. बाई ठसक्यात म्हणाल्या, “त्यात काय! दोनाला दोन काटले, राहिले तीन.”

आणि क्लिक केलं.

पडद्यावर एक हसरं फूल उमललं. ‘छान प्रयत्न! पुन्हा एकदा बघूया का?’ आणि उघड्या स्पीकरमधून सरांचा आवाज भरल्या खोलीत गडगडला, “अरे गाढवा, दिसला दोन की काट! आधी बेरीज कोण करणार, तुझा काका? असं न बघता धडाधड काटत सुटलास ना, तर एक दिवस शाळेचा मुख्याध्यापक होशील!”

पालक एकसाथ पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता. धरणीने पोटात घ्यावं म्हणून सरांनी फरशीकडे पाहिलं, पण फरशी पक्की होती.

“आवाज ओळखीचा वाटतो,” बाई म्हणाल्या.

“माझाच आहे, बाई.” सरांचा आताचा आवाज मात्र त्यांना स्वतःलाही ओळखू येईना. “माफ करा. ते... ते पुसायचं राहिलं.”

“आणि उत्तर किती हो येतं?” बाईंनी हळूच विचारलं.

“अडीच.”

“हं.” बाई खुर्चीवरून उठल्या. त्यांचेही कान लाल झाले होते. “मग ही मुलं सगळी कच्ची म्हणायची?”

“नाही बाई!” पहिल्या नंबरचा मुलगा उठला. “आम्हाला येतं. पण बरोबर आलं की नुसतं टिंग वाजतं. चुकलं की सर बोलतात! आणि प्रत्येक चुकीला वेगळं बोलतात. सगळं ऐकायचं तर सगळ्या चुका करता यायला हव्यात. काही चुका आम्हाला सुचेचनात. मग भिंगरीला विचारलं. तिला सगळ्या येतात बाई, चोवीसच्या चोवीस!”

हे त्याने इतक्या आदराने सांगितलं की भिंगरी लाजली. गरगरायची थांबली. मग सरांच्या जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “सर, या माझ्याच चुका आहेत ना?”

नाही म्हणणं सोपं होतं. जीभ त्या वळणावर गेलीसुद्धा. पण खोलीत त्यांचाच खरा आवाज अजून विरला नव्हता.

“हो गं,” सर म्हणाले. “तुझ्याच. फार वाईट बोललो मी. चुकलं माझं.”

“मग आधीच का नाही बोललात?” तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. “तुम्ही दर वेळी ‘छान प्रयत्न’ लिहायचात. मला वाटायचं, थोडक्यात चुकतंय. आई विचारायची, तर मी तेच दाखवायचे. अर्ध्यात भर घातली तर ते अर्ध्याहून कमी होणार कसं, हे मला आज कळलं. कुणी सांगितलंच नव्हतं.”

सरांनी मान खाली घातली. मुख्याध्यापिकेसमोर, चार पालकांसमोर जी लाज वाटली होती ती वरवरची होती. ही खोल उतरली. बावीस वर्षांची हिरवी शाई डोळ्यांपुढून ओघळत गेली. ज्याला आपण माया समजत होतो, त्यात निम्मा तरी कंटाळा होता. समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात, ‘छान प्रयत्न’ लिहायला दोन सेकंद.

मोठ्या बाईंनी घसा खाकरला. “सर, गाढव काढा. तसलं आणखी असेल तेही काढा. माझं ते वाक्य तर आधी काढा. बाकी ठेवा. आणि या मुलीला शेजारी बसवून करा, तिला चुका पाठ आहेत.” दारातून त्या वळल्या. “आठव्या प्रश्नाचा आवाज मी देईन.”

पुढचे दहा दिवस मधल्या सुट्टीत सर आणि भिंगरी वर्कशीटला बसले. “सर, हे फार मऊ झालं,” ती म्हणायची. सर पुन्हा बोलायचे. दहा-दहा मिनिटं लागायची.

रविवारी सर शेवटच्या तपासणीला बसले. खाटेवर आईचा डोळा लागला होता. सवयीने हात आवाज बंद करायला गेला, आणि थांबला. सरांनी एकेक चूक कानांनी ऐकली. आठव्या प्रश्नावर आले, ‘तीन’ दाबलं.

मोठ्या बाईंचा आवाज घरभर घुमला, “मीही तीनच म्हणाले होते. आधी बेरीज कर, मग भाग. आणि नीट ऐकून मगच पुढे पाठव. नाहीतर एक दिवस गणिताचा सर होशील!”

आई कुशीवर वळली. डोळे न उघडताच म्हणाली, “कोण रे ही बाई? तुला बरोबर ओळखून आहे.”