संदर्भग्रंथ हेमलता बिडवे

केतकी बिडवेने एम.ए.ला स्त्री-अभ्यास हा विषय घेतला आणि दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला तिची आई संदर्भग्रंथ म्हणून लागली.

विभागाच्या फलकावर चार छापील पुस्तकांची नावं होती आणि पाचवं नाव हेमलता मनोहर बिडवे. त्याच आठवड्यात विद्यापीठाची जीप दारात आली. शिपायाने हेमलताबाईंच्या पदराच्या काठाला क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली, ती नीट बसलीय का ते अंगठ्याने दाबून पाहिलं आणि "चला काकू" म्हणाला. हेमलताबाईंनी दोन साड्या, चष्मा आणि बामची बाटली पिशवीत टाकली. "गॅस दोन्हीकडून बंद करत जा," एवढं नवऱ्याला सांगून त्या जीपमध्ये पुढे, ड्रायव्हरशेजारी बसून निघून गेल्या.

मनोहरराव दारात उभेच राहिले. पाटबंधारे खात्यात हयात गेलेला माणूस. न समजलेल्या कागदावर सही करायची त्यांना चांगली सवय होती, पण इथे त्यांची सहीसुद्धा कुणी मागितली नव्हती.

तसं त्यांनी केतकीला प्रवेशाच्या वेळीच विचारलं होतं, "याला स्कोप काय?" त्यावर ती म्हणाली होती, "खूप आहे, बाबा." स्कोप निघालाच तर तो मुलीला निघेल अशी त्यांची समजूत होती. बायकोला निघेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"अहो भाऊजी, तोंड पाडून काय बसलात?" शेजारच्या तोरणेवहिनी कुंपणापलीकडून म्हणाल्या. "आमच्या वन्संना त्यांनी नियतकालिकांत घेतलं होतं. बिचाऱ्या महिन्याच्या महिन्याला निघायच्या, त्यात दिवाळीला जाडजूड. तुमच्याकडे तर एकदम ग्रंथ! मान आहे हो तो."

मान असेल बाई. पण मनोहररावांना काही सुधरेना. केतकी वसतिगृहावर, बायको संदर्भ विभागात. ते रोज खिचडी करायचे. पहिल्यांदा ती कच्ची राहिली, मग करपली, मग जशी होईल तशी ते खाऊ लागले. खरं सांगायचं तर खिचडीचं त्यांना दुःख नव्हतं. संध्याकाळी बातम्या लागल्या की ते सवयीने म्हणायचे, "बघ बघ, काय बोलतोय हा!" आणि स्वयंपाकघरातून "हं" यायचं नाही. ते "हं" त्यांना हवं होतं. शेवटी इस्त्रीचा शर्ट घालून ते माळावरच्या विद्यापीठात गेले.

ग्रंथपाल फडतरे सज्जन माणूस होते. त्यांनी मनोहररावांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"संदर्भग्रंथ घरी नेता येत नाही," ते म्हणाले.

"अहो, पण ती माझी बायको आहे!"

"असू द्या ना. प्रती किती आहेत?"

"कशाच्या?"

"मिसेसच्या."

"एकच," मनोहरराव म्हणाले. "एकच आहे हो."

"मग तर प्रश्नच नाही. जास्तीच्या प्रती असत्या तर एखादी दिली असती रात्रीपुरती." फडतऱ्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "कपाटांमागे कॉट टाकून दिलीय त्यांना. वाळवी नाही, ओल नाही. काळजी करू नका."

काचेपलीकडे वाचनकक्ष होता. लांब टेबलाच्या टोकाशी हेमलताबाई बसल्या होत्या आणि भोवती सात-आठ मुली वह्या उघडून. हेमलताबाई हातवारे करून काहीतरी सांगत होत्या. मधेच मुली खळखळून हसल्या आणि पाठोपाठ त्याही हसल्या. आपली बायको इतकं बोलते हे मनोहररावांना माहीत नव्हतं. त्यांना राग आला, मग लाज वाटली, आणि मग नेमकं काय वाटतंय तेच कळेना.

तिथून ते तडक विभागप्रमुखांकडे गेले. डॉ. गायधनी म्हणजे उंच, सावळ्या, तोलून मापून बोलणाऱ्या बाई. मनोहररावांनी आधी ग्रंथ परत मागितला. बाईंनी परीक्षा होईपर्यंत शक्य नाही म्हणून सांगितलं. मग दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी आपला जुना प्रश्न काढला.

"मॅडम, या मुली पुढे होतात तरी काय?"

बाईंना हा प्रश्न रोजचा असावा. "एक महिला आयोगात संशोधन अधिकारी आहे," त्या म्हणाल्या. "एक जिल्ह्याला संरक्षण अधिकारी झाली. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला कोर्टापर्यंत न्यायचं तिचं काम. दोघी वर्तमानपत्रात आहेत. एकीने समुपदेशन केंद्र काढलं. एक सरकारी अंदाजपत्रक वाचते आणि त्यात बायकांच्या वाट्याला काय आलं ते शोधून काढते. काही कॉलेजात शिकवतात."

"आणि हे सगळं आमच्या हिला वाचून?"

"आणखी चार पुस्तकं आहेत," बाई म्हणाल्या.

मनोहररावांच्या डोक्यावरून सगळं जात होतं. ज्या बाईने त्यांना कधी साधी चिठ्ठी लिहिली नाही, तिला वाचून पोरी अधिकारी होणार होत्या. "मग हिला स्वतःला काय स्कोप?" त्यांनी विचारलं.

"त्या वाचल्या जातात," गायधनी बाई म्हणाल्या. "तुम्ही कधी वाचलंय त्यांना?"

मनोहरराव उठले. दाराशी पोचल्यावर बाईंनी सांगितलं की बाहेरच्या वाचकाला ओळखपत्र दाखवून अर्धा तास मिळतो, तेवढा त्यांनी जरूर घ्यावा.

त्यांनी तो घेतला. आधार कार्ड काउंटरवर ठेवलं, चपला बाहेर काढल्या आणि ते बायकोसमोर जाऊन बसले. हेमलताबाई हात टेबलावर ठेवून शांत बसल्या होत्या. ग्रंथ आपणहून बोलत नसतो, त्याला विचारावं लागतं, असं फडतऱ्यांनी आधीच बजावलं होतं. मुली पलीकडे लिहीत बसल्या होत्या. घड्याळ चाललं होतं. मनोहरराव प्रश्न शोधू लागले. इतक्या वर्षांचा संसार, विचारायला काय कमी असेल? पण छे, डोकं एकदम रिकामं.

"कुकरची जास्तीची रिंग कुठेय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"फडताळात, खालच्या खणात. लाडवाच्या डब्यात."

"बरं." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "लाइटबिल?"

"भरलंय तुम्हीच."

"हो, हो." पलीकडची एक मुलगी लिहिता लिहिता थांबली आणि तिने हळूच सुस्कारा सोडला. मनोहररावांचे कान लाल झाले. "घरी येतेस का गं?" ते पुटपुटले.

"मला बाहेर नेता येत नाही," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आनंद होता असंही कुणाला म्हणता आलं नसतं. तेवढ्यात वेळ संपला. बसथांब्यावर आल्यावर मनोहररावांना आठवलं, तुला इथे बरं वाटतंय का, हे विचारायचं राहिलंच. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. शेजारच्या माणसाला वाटलं, बस चुकली.

पुढच्या महिन्यात गायधनी बाईंचाच फोन आला. लगेच या म्हणाल्या, ग्रंथात अडचण निर्माण झालीय. मनोहरराव मिळेल त्या रिक्षाने धावले.

"तुमच्या मिसेसमध्ये जागोजागी एकच वाक्य येतं," बाई म्हणाल्या. "'ते ह्यांना विचारा.' घर या गल्लीत का घेतलं? ह्यांना विचारा. दुसरं मूल का नाही? ह्यांना विचारा. माहेरचं जाणं-येणं का थांबलं? ह्यांना विचारा. मुली अडून बसतात. तुमच्या केतकीचा तर अख्खा लघुप्रबंध अडलाय. थोडक्यात, ग्रंथ अपुरा आहे."

मनोहररावांच्या मनात आशा उभी राहिली. "अपुरा ना? मग काढून टाका की अभ्यासक्रमातून!"

"काढलेलं पुस्तक घरी जात नाही, बिडवे. तळघरात जातं." बाईंनी हे कुणाचंही मन न दुखवता, माहिती म्हणून सांगितलं. "दुसरा मार्ग म्हणजे परिशिष्ट जोडायचं."

"कुठलं परिशिष्ट?"

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मनोहररावांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"मी?" ते म्हणाले. "अहो, मी कॉमर्सचा आहे!"

"परिशिष्टाला शिक्षणाची अट नसते."

मनोहररावांनी विचार केला. आयुष्यभर घरावरची नावाची पाटी त्यांची, शिधापत्रिकेवर पहिलं नाव त्यांचं. आता मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत जायचं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण घरची ती मुकी संध्याकाळ त्यांना आठवली आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली, "परिशिष्टाला वेगळं ठेवतात का?"

"नाही. मूळ ग्रंथालाच शिवलेलं असतं ते. एकाच कपाटात."

मनोहररावांचा जीव भांड्यात पडला. "मग जोडा मला," ते म्हणाले.

अर्थात मूळ ग्रंथाची संमती लागणार होती. फडतरे जाऊन हेमलताबाईंना विचारून आले. काचेपलीकडे त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला, एवढं मनोहररावांनी पाहिलं. लग्नाच्या वेळी मुलीकडचा होकार यायची वाटसुद्धा त्यांनी अशी पाहिली नव्हती. तेव्हा तो येणार हे धरूनच चाललं होतं.

"चालेल म्हणाल्या," फडतरे परत येऊन म्हणाले. "पण मोजकं असावं आणि विचारल्याशिवाय उघडू नये."

दुसऱ्या दिवसापासून मनोहरराव वाचनकक्षात हेमलताबाईंच्या डाव्या हाताला, जरा मागे, बसू लागले. शर्टाच्या खिशाला त्यांच्याही चिठ्ठी लागली. क्रमांक तोच, पुढे एक छोटी रेघ. दुपारी डबा दोघांनी मिळून खाल्ला. हेमलताबाईंनी त्यांच्या पुढ्यात लोणचं सरकवलं. मनोहररावांना इतकं बरं वाटलं, की आता कुणी आपल्याला कधीच काही विचारलं नाही तरी चालेल, असं ते मनात म्हणाले.

जेवणानंतर पहिली पाळी केतकीची होती. बायकांनी सोडलेल्या नोकऱ्या, हा तिच्या लघुप्रबंधाचा विषय. ती समोर येऊन बसली, बापाकडे बघून थोडीशी हसली आणि तिने वही उघडली.

"आई, तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतीस. पगार बाबांपेक्षा जास्त होता. लग्नानंतर वर्षाच्या आत तू नोकरी सोडलीस. का?"

हेमलताबाईंनी समोरच पाहिलं. "परिशिष्टात बघ," त्या म्हणाल्या.

केतकीने खुर्ची डावीकडे वळवली. बाकीच्या मुलींनीही माना वर केल्या. गायधनी बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"सोडली म्हणजे... तिनेच सोडली," मनोहरराव म्हणाले. "आमच्यात कुणी सोड म्हणालं नव्हतं. देवाशपथ. माझी आईसुद्धा नाही."

"मग का सोडली, बाबा?"

मनोहररावांनी आठवून पाहिलं. हेमा कामावरून आली, पर्स खुंटीला लावली, पाण्याचा तांब्या भरला आणि म्हणाली, उद्यापासून जाणार नाहीये मी. तिचा आवाज बसलेला होता. एवढं लख्ख आठवत होतं. त्याच्या पुढचं शोधायला गेलं की काहीच सापडेना.

"मी 'बरं' म्हणालो," ते म्हणाले.

"आणि?"

"आणि काही नाही. विचारलं नाही मी."

"त्या दिवशी नाही विचारलंत. पण नंतर कधीतरी?"

मनोहरराव खिशावरची चिठ्ठी अंगठ्याने दाबत राहिले. बायकोकडे बघावंसं वाटलं, पण मान वळेना. आपल्याला नक्की कशाचं रडू येतंय, तेही त्यांना समजत नव्हतं.

केतकीने पेन उचललं. मग तिने मान खाली घातली आणि वहीत लिहायला सुरुवात केली, "परिशिष्टातील हे पान कोरं—"

"कोरं लिहू नकोस," हेमलताबाई म्हणाल्या. न विचारता त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "कोरं नाही ते. दोन पानं एकमेकांना चिकटलीत. ओढू नकोस, फाटेल. थांब जरा."

केतकीने पेन खाली ठेवलं. फडतरे काउंटरवरून उठून आले, त्यांनी वाकून परिशिष्टाकडे जाणकार नजरेने पाहिलं आणि वाऱ्याने पान फाटू नये म्हणून भिंतीशी जाऊन पंखा बंद केला.