विहीणबाईंची किडनी

एका जंगलात, मुलांनो, झाडे कमी आणि समित्या जास्त होत्या. तरीही तिथले इस्पितळ चांगले होते. एकाची किडनी काढून दुसऱ्याला बसवण्यात तिथल्या डॉक्टरांचा हात धरणारे कोणी नव्हते.

अडचण पुढे होती. बसवलेली किडनी टिकत नसे.

असे का, ते सांगतो. माझे काही चुकले तर मोठेपणी तुम्ही दुरुस्त करून घ्या. आपल्या शरीरात पहारेकरी असतात. आपले कोण, परके कोण, हे ते ओळखतात आणि परक्याला बडवतात. नवी किडनी कितीही कामाची असली, तरी त्यांच्या लेखी ती घुसखोरच. म्हणून पहारेकऱ्यांना जरा गुंगी राहावी, यासाठी कडू पाल्याची गोळी घ्यायची. रोज सकाळी आणि संध्याकाळी. जन्मभर. शिवाय पाणी भरपूर प्यायचे आणि मीठ चाटायचे नाही.

पेशंट काही दिवस हे सगळे करत. मग त्यांना बरे वाटू लागे. बरे वाटले की ते गोळी विसरत. आणि पहारेकरी जागे होत.

फक्त एका पेशंटची किडनी वर्षानुवर्षे ठणठणीत होती. ती म्हणजे गोदाक्का सांबरीण.

गोदाक्काला किडनी दिली होती तिच्या विहिणीने. तुळसाबाई ही गोदाक्काच्या जावयाची आई. म्हणजे वरपक्ष. गोदाक्का मरायला टेकली होती आणि घरात कोणाचीच किडनी जुळत नव्हती, तेव्हा तुळसाबाई पुढे आली. "माझ्या सुनेला माहेर नको का?" एवढेच म्हणाली. साऱ्या जंगलाच्या डोळ्यांत पाणी आले.

ते लवकरच आटले. कारण शुद्धीवर येताच तुळसाबाईने विचारले, "माझी किडनी कशी आहे?"

"उत्तम आहे," नर्स म्हणाली.

"ही नव्हे हो. तिकडे दिलेली."

त्यानंतर तुळसाबाई रोज गोदाक्काच्या दारात हजर.

"गोळी घेतली?"

"घेते हो."

"घेते नको, घेतली म्हणा. आणि पाणी? आमच्याकडे तिला तहानलेलं राहायची सवय नव्हती."

"पिते ना, विहीणबाई."

"डाव्या कुशीवर झोपू नका. चेंगरेल ती."

"अहो, ती उजवीकडे बसवलीय!"

"मग उजव्याही कुशीवर झोपू नका. आणि काल तुम्ही त्या खाऱ्या खडकाकडे बघत होतात म्हणे."

"नुसतं बघितलं!"

"बघितलंच का? हे पाहा, लग्नात आमच्या पंगतीला वाळकं गवत वाढलंत, ते मी पोटात घातलं. आता माझ्या पोटातलं तुमच्या पोटात आहे. आता गय नाही."

गोदाक्का दात खात घटाघटा पाणी पिई.

गोदाक्काच्या किडनीची कीर्ती संशोधन मंडळापर्यंत गेली. मंडळाने डॉक्टर बकनाथांना पाठवले. हे एक बगळे होते. फार शिकलेले. विचार करताना एका पायावर उभे राहत आणि शंका आली की पाय बदलत. त्यांना खरोखरच सगळ्या पेशंटांचे भले व्हावे असे वाटे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे तुम्हाला तसे वाटणार नाही.

डॉक्टरांनी गोदाक्काचे रक्त तपासले. तिची उंची मोजली, शेपूटही मोजले. ती कोणत्या झाडाखाली झोपते, तेही टिपले. मग बाकीच्या पेशंटांना त्याच जातीच्या झाडाखाली झोपवले. उपयोग झाला नाही. दोन्ही कुशी वर्ज्य करून झोपवले. त्यांची मान आखडली. किडन्या जायच्या त्या गेल्याच.

या सगळ्यात तुळसाबाई मधे मधे करी. "रक्त किती काढता? त्यात माझ्या किडनीने गाळलेलं किती गेलं?"

डॉक्टरांनी पाय बदलला. "या बाईंमुळे निरीक्षणात व्यत्यय येतो," ते म्हणाले. "प्रयोग शुद्ध हवा. काही काळ यांना नदीपलीकडे ठेवा."

तसा हुकूम निघाला. तुळसाबाई काठावरून ओरडत गेली, "विहीणबाई, गोळी!"

मग शांतता झाली. केवढी शांतता! गोदाक्काने कित्येक वर्षांनी पाखरांचा आवाज ऐकला. पहिल्या दिवशी तिने गोळी घेतली, ती आनंदाने. मग एकदा विसरली. काही झाले नाही. मग विसरली नाही, पण घेतलीही नाही. आणि एके सकाळी तिचे पाय तिला आपोआप खाऱ्या खडकाकडे घेऊन गेले. पायांचे काय, मुलांनो, त्यांना कोणी बोलणारे नव्हते.

काही दिवसांत तेच पाय सुजले. तोंड सुजले. धाप लागू लागली. डॉक्टर बकनाथांनी रक्त तपासले आणि ते चक्क दोन्ही पायांवर उभे राहिले.

"पहारेकरी जागे झालेत," ते गोदाक्काच्या लेकीला म्हणाले. "ही किडनी गेली, तर दुसरी मिळणार नाही."

"आई मरेल?"

डॉक्टरांनी पुन्हा नाडी धरली.

गोदाक्का खाटेवरून क्षीण आवाजात म्हणाली, "काहीही करा, पण विहीणबाईंना कळवू नका."

लेक मुकाट्याने उठली. नदी ओलांडून तडक सासूकडे गेली. तुळसाबाईने हुकूम-बिकूम काही पाहिले नाही. तशीच पाण्यात शिरली आणि निथळत खाटेपाशी येऊन उभी राहिली.

"घालवलीत?"

"अजून आहे," गोदाक्का म्हणाली. "थोडी."

तुळसाबाई प्रथमच काही क्षण गप्प बसली. ती शांतता गोदाक्काला सोसवेना.

"बोला हो काहीतरी!"

"काय बोलू? मला आत नेलं ना, तेव्हा मी लटपटत होते. पोरांना दिसू नये म्हणून हसत होते. एवढी भ्याले ती त्या खडकासाठी का?"

गोदाक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"रडू नका. पाणी वाया घालवू नका. आ करा."

गोदाक्काने आ केला. गोळी आत गेली. डॉक्टरांनी मोठी औषधे सुरू केली. तुळसाबाईने खाटेशेजारीच बस्तान मांडले आणि औषधांवर नजर, सुईवर नजर, डॉक्टरांवर तर दोन नजरा. पहारेकरी हळूहळू पेंगू लागले. सूज उतरली. किडनी वाचली.

डॉक्टर बकनाथ प्रामाणिक होते. त्यांनी गोदाक्काला एकटे गाठून विचारले, "खरं सांगा, तुळसाबाई तुम्हाला आवडतात?"

"मुळीच नाही."

"मग त्या सांगतात म्हणून पाणी का पिता?"

"त्यांनी गप्प बसावं म्हणून."

डॉक्टरांनी अहवालात लिहिले, 'पेशंट शांतता मिळावी म्हणून पाणी पितो. शांतता दिल्यास पीत नाही. अधिक संशोधन आवश्यक.'

मंडळाच्या समितीने अधिक संशोधनाची वाट पाहिली नाही. प्रत्येक पेशंटला एक सरकारी विहीण देण्यात आली. हरणी होत्या बिचाऱ्या, गोड स्वभावाच्या. त्यांना बोलण्याचे शिक्षण दिले होते. त्या दारात येऊन म्हणत, "कृपया सोयीनुसार गोळी घ्यावी. आपला दिवस चांगला जावो." पेशंट त्यांचे आभार मानत. दिवस चांगले जात. किडन्याही जात.

अखेर समितीने तुळसाबाईला बोलावले. "या विहिणींना तुमच्यासारखं बोलायला शिकवा."

"शिकवते की," तुळसाबाई म्हणाली. "आधी प्रत्येकीची एकेक किडनी काढून तिच्या तिच्या पेशंटला द्या."

समितीने हा मुद्दा उपसमितीकडे सोपवला. तुळसाबाई लगबगीने निघाली. गोदाक्काच्या पाण्याची वेळ झाली होती.

तात्पर्य : दान द्यावे आणि विसरून जावे, असे थोर लोक सांगतात. त्यांनी किडनी दिलेली नसावी. देणाऱ्याने रोज बोलून दाखवावे, घेणाऱ्याने रोज वैतागावे. दोघेही पुष्कळ जगतात.