शबनमच्या मानेवरचं ऊन

शहागंजच्या शफीकमियाँच्या टांग्यातून मी नऊ वर्षं कचेरीला गेलो. अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात एक दिवस ते म्हणाले, "साब, शबनम को बेचरा मैं. अब सब लोगां रिक्षा में बैठरे."

शबनम म्हणजे त्यांची तांबडी घोडी. पुढच्या सोमवारी वैजापूरकडचा एक बागाईतदार तिला न्यायला येणार होता.

"जाने के पैले उसका एक फोटू होना था," ते म्हणाले आणि धड असलेला लगाम उगाच सारखा करत राहिले.

"मी काढतो की!" मी म्हणालो.

या तीन शब्दांनी माझा संसार आठ दिवसांत मोडकळीला आणला. कारण माझा कॅमेरा वच्छलेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, गव्हाच्या कोठीत पुरून ठेवला होता. तिच्या बहिणीच्या साखरपुड्याचे बारा फोटो मी लेन्सवरचं झाकण न काढता काढले होते. (सासुरवाडीला हा विषय अजून संपलेला नाही.) त्या दिवसापासून आमच्या घरात कॅमेऱ्याचं नाव काढायचीसुद्धा बंदी होती.

शिवाय मला साधा फोटो काढायचा नव्हता. वाचनालयात एक इंग्रजी पुस्तक मी चाळलं होतं. (निम्मं कळलं. बाकीचं निम्मं मी स्वतः रचलं.) सूर्य आपल्या पाठीशी ठेवून कुणीही फोटो काढतो, तो घोड्याच्या पाठीशी ठेवला तर आयाळीचा केस न् केस पेटल्यासारखा दिसतो. मग तोंड अंधारात जाऊ नये म्हणून आरशानं समोरून थोडं ऊन मारायचं. मागं पांढरी चादर बांधली तर आणखीच बहार.

तेव्हा मी पहाटेच कोठीत कोपरापर्यंत हात घालून कॅमेरा काढला, तो कोटाखाली दडवला आणि "डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय" म्हणून उस्मानपुऱ्यातून निघालो.

पहिल्या दिवशी परत आलो तर वच्छला दारातच उभी.

"फिरून आलात?"

"हो."

"अंगाला अत्तराचा वास येतोय."

लिदीचा वास जावा म्हणून शफीकमियाँनी प्रेमानं फाया लावला होता. "सकाळची हवाच तशी असते," मी म्हणालो.

तिनं माझ्या खांद्यावरून एक केस उचलला आणि उजेडात धरला. हातभर लांब होता.

"ह्यो कुणाचा?"

"असेल कुणाचा तरी. वाऱ्यानं येतात."

"तांबडा हाय. मेंदी लावती वाटतं?"

मी आंघोळीला पळालो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कचेरीतून आलो तर लासूर स्टेशनहून तात्यासाहेब आलेले. हे वच्छलेचे थोरले बंधू. बाजार समितीत त्यांच्या आवाजानं बैल बिचकतात. त्यांच्या मांडीवर माझी फोटोंच्या टिपणांची वही होती आणि वच्छला त्यातलं मोठ्यानं वाचत होती.

"'शबनम. सकाळी साडेसात. पाठीमागून ऊन आलं की कमाल दिसते. मान वळव म्हटलं की लाजते. गूळ दिला की जवळ येते. उद्या मोठा आरसा आणि पांढरी चादर नेणे.'"

"चादर?" तात्यासाहेब म्हणाले.

"व्हय दादा. माझ्या रुखवताची."

तात्यासाहेबांनी वही मिटली.

"दाजी," तात्यासाहेब म्हणाले, "ही शबनम कोण?"

घोडी म्हणालो असतो तर पुढच्याच वाक्यात कॅमेरा निघाला असता. "ओळखीची आहे," मी म्हणालो. (माणूस घाबरला की असंच बोलतो.)

"लेकरंबाळं?"

"दोन. एक मालेगावला असतं."

"आन् त्यांचा बाप?"

"त्याचा काही पत्ता नाही."

"ऱ्हाती कुठं?"

"शहागंजात. पण तुम्ही काळजी करू नका, सोमवारी ती कायमची जाणार आहे."

"म्हंजी रविवारपातुर आटपायचं हाय!" वच्छला किंचाळली आणि पदर डोळ्याला लावून आत गेली. त्या दिवसापासून माझ्या ताटात भाजी वाढली जाईना. मी मागितलीही नाही.

रविवारी पहाटे मी निघालो. अकरा फोटो झाले होते, रोलमध्ये एकच उरला होता. मागून वहाणांची करकर ऐकू येत होती. मी थांबलो की तीही थांबायची. वळून बघायचं धाडस झालं नाही.

शफीकमियाँच्या अंगणात भिंतीवरून ऊन उतरत होतं. त्यांनी घोडीला धरलं, मी चादर बांधली आणि आरसा खाटेला टेकवला. तो घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. शेवटी एका हातात आरसा, एका हातात कॅमेरा घेऊन मी म्हणालो, "शबनम, अशीच उभी राहा. लाजू नकोस. काय सुंदर दिसतेस गं!"

"धरा त्येला!" दार धाडकन उघडलं.

मी दचकून वळलो आणि आरशातलं सगळं ऊन तात्यासाहेबांच्या डोळ्यांत गेलं. "आंधळा झालो!" म्हणत ते कडब्याच्या पेंढ्यांवर बसले.

वच्छला कमरेला पदर खोचून उभी. "कुठंय ती?"

"कौन, भाभी?" शफीकमियाँ म्हणाले.

"शबनम!"

"ये क्या सामने खडी."

शबनमनं पुढं होऊन वच्छलेच्या पदराला नाक लावलं. वच्छला घोडीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तिचा चेहरा निवळतोय असं मला वाटत होतं, तेवढ्यात तिची नजर माझ्या हाताकडे गेली.

"म्हंजी कॅमेरा काढला तुमी!"

(मला हेच भय होतं.)

"भाभी, गुस्सा नक्को करो," शफीकमियाँ हळू आवाजात म्हणाले. "कल जारी ये. यादगारी के वास्ते साब रोज आरे थे." आणि त्यांनी घोडीच्या मानेवर गाल टेकवला.

वच्छलेनं पदरानं नाक पुसलं. मग माझ्या हातातून कॅमेरा घेतला, झाकण काढलंय का ते पाहिलं आणि म्हणाली, "व्हा बाजूला. तुमी आरसा धरा. वर. आणिक वर. हलू नगा." शबनमनं तिच्या बाजूला आपण होऊन मान वळवली आणि कळ दाबल्याचा आवाज झाला.

रोल धुऊन आला तेव्हा शबनम वैजापूरला गेलेली होती. माझे अकरा फोटो शफीकमियाँनी आडवे धरून पाहिले, उभे धरून पाहिले. "साब," ते अदबीनं म्हणाले, "इसमें शबनम किधर है?" सगळीकडे नुसता काळोख आणि वर दोन कान.

बाराव्या फोटोत मात्र आयाळीचा केस न् केस उन्हानं पेटला होता, नाकपुड्यांतली वाफ चमकत होती आणि डोळ्यात एक ठिपका उजेड होता. शफीकमियाँ तो बघत बसले. "भाभी," एवढंच म्हणाले आणि खांद्यावरच्या रुमालानं डोळे टिपले.

ईदेला आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो तर भिंतीवर फोटो फ्रेममध्ये लावलेला. एका कडेला आरसा धरून मी उभा होतो, हे मला पक्कं आठवत होतं. फ्रेममध्ये मी नव्हतो.

"शफीकमियाँ, मी कुठंय?"

ते ओशाळले. पत्र्याच्या डबीतून त्यांनी दोन बोटं रुंदीची एक पट्टी काढली. "फ्रेम में नै बैठरा था, साब. कैंची मारनी पडी. लेव, ये तुमारा."

वच्छलेनं ती पट्टी माझ्या हातातून घेतली, खिडकीपाशी नेऊन निरखून पाहिली.

"आरसा मातुर चांगला आलाय," ती म्हणाली.