फितीआडची अभ्यासिका कैसी घेतली त्याची हकीकत

श्री. विद्येची देवी प्रसन्न असो, वीजमंडळ प्रसन्न असो, आणि लिहिणारास हजेरीची सूट मिळो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, श्रावणमासी, टेकडीखालील विद्याराज्यात नवे विद्यार्थी मंडळ गादीवर आले, त्याचा मजकूर मागाहून येणारांनी विचारिला, म्हणोन जे डोळां देखिले ते लिहितो. ऐकीव थोडे आहे, आणि जेथे राग आला तेथे रागही लिहिला आहे.

राज्य कैसे, तर दगडी इमारत, पुढे मैदान, मैदानाचे कडेस कँटीन, आणि पलीकडे सायकलींचा तळ, त्याचे पत्रे अर्धे वाऱ्याने नेले. गादीवर प्राचार्य नाईकनवरे सर विराजमान. मूळचे पदार्थविज्ञानाचे शिक्षक, मनाचे भले, परंतु सह्या करिता करिता खडूचा विसर पडलेले. मंडळाची रीत ऐसी की, वर्गोवर्गीचे प्रतिनिधी मिळोन एक मुख्य सचिव निवडावा, आणि त्याने सारे वर्ष गॅदरिंगची वाट पाहावी, मग फेटा बांधोन, ढोल लावोन, घसा बसेतो ओरडावे, आणि नामफलकावर नाव सोडोन जावे. पूर्वील सचिवांनी हेच केले आणि नावलौकिक मिळविला. त्या साली निवड जाहाली ती केतकी ढमढेरे हिची. अंगाने किरकोळ, आवाज खणखणीत, आणि एकदा बोलली ते बोलली. तिणे पहिल्याच सभेत मनसुबा सांगितला की, प्यावयास गार पाणी यावे, मुलींचे खोलीत दिवा लागावा, सायकलींवर पत्रे चढावे, आणि या सर्वांआधी अभ्यासिका उघडावी. तेव्हा सांस्कृतिक प्रतिनिधी हृषीकेश तांबट, ढोलाफेट्यांचा मोठा दर्दी, हसोन बोलिला, "अगं, ही कामं आपली नव्हेत. आपलं काम गॅदरिंग." केतकी बोलिली, "अभ्यासिका उघडेपर्यंत गॅदरिंगचं नाव काढायचं नाही. फेटासुद्धा नाही." हृषीकेशाचा चेहरा उतरला, आणि मनसुबा कायम ठरला.

आता अभ्यासिकेचे वर्तमान ऐसे की, ती मागील सालीच बांधोन तयार होती. आत पंखे, टेबले, भिंतीस फळा, खिडक्यांस जाळी, सर्व सिद्ध. दारास कुलूप देखील नव्हते. फक्त एक लाल फीत आडवी बांधिली होती, कारण उद्घाटन व्हावयाचे होते. या मुलुखाची चाल ऐसी की, थोरांचे हस्ते कात्री लागल्यावाचून नवी वस्तू वापरू नये. आणि थोर दोन निघाले. कारखान्याचे अण्णा, ज्यांनी जागा दिली, आणि बँकेचे तात्या, ज्यांनी इमारत दिली. पत्रिकेत नाव वर कोणाचे आणि खाली कोणाचे, या एका गोष्टीवर दोन्ही दरबार अडले. एकास वर घ्यावे तर दुसरा रुसतो, आणि रुसला तर पुढील मदत बंद होते, या भयाने प्राचार्यांनी पत्रिकाच छापिली नाही. फीत उन्हाने विटोन गुलाबी जाहाली, आत टेबलांवर धूळ साचली, आणि पदव्या घेतलेली थोर थोर माणसे रोज त्या दारावरोन जात, परंतु बोटभर फीत हाताने बाजूस सारावयाची एकाची छाती जाहाली नाही. मला तर त्या फितीचा संताप येत असे.

ऐसे असता भाद्रपदमासी केतकी सायकलींचे तळावर गेली, तो तेथे एक मुलगी उरलेल्या पत्र्यांखाली, सावली सरकेल तैसी सरकत, पुस्तक मांडीवर घेवोन बसली होती. नाव वृषाली गवारी, शास्त्राचे द्वितीय वर्षात, गाव डोंगरापलीकडे. तिची एसटी सकाळी येते, तास दुपारी सुटतात, आणि परतीची एसटी थेट संध्याकाळी. केतकीने विचारिले, "इथं का बसतेस?" ती बोलिली, "मग कुठं बसू ताई? कँटीनमध्ये बसलं की सारखा चहा घ्यावा लागतो, नि पोरं टकामका बघत्यात. घरी गेलं की स्वैपाक, नि लाइटीचा पत्ता नसतो. मागच्या वेळी फिजिक्स राहिलं माझं. बाबा म्हणालेत, या वेळी सुटलं तर शीक, नाहीतर मामानं स्थळ आणलंय, उरकून टाकू." केतकी म्हणाली, "तुला करायचंय लग्न?" वृषाली बोलिली, "मला बी.एस्सी. करायचीय." आणि पुन्हा पुस्तकात पाहू लागली, जैसे बोलण्यात वेळ घालविणे तिला परवडत नव्हते. लिहिणारास हे ऐकोन फार वाईट वाटले, ते लपवीत नाही. केतकीस वाईट वाटण्यास सवड नव्हती. ती बोलिली, "परीक्षेआधी तू आत बसशील," आणि तडक मंडळाचे खोलीत येवोन खलबत भरविले.

खलबतात ठरले की, दोन्ही दरबारी वकील रवाना करावे. केतकी अण्णांकडे गेली, हृषीकेश तात्यांकडे गेला, आणि येथे मंडळाचे हातोन मोठी चूक जाहाली. अण्णा विचारिते जाहाले, "नाव वर ना?" केतकीस वाटले, कैसेही करोन तारीख तर पदरात पडो. ती बोलिली, "वर." तिकडे तात्यांनी तेच पुसिले आणि हृषीकेशानेही तेच उत्तर दिले. दोघे हर्षाने परतले, कँटीनमध्ये भेटले, वडापाव मागविला, आणि पहिला घास घेता घेता एकमेकांस हकीकत सांगितली, तो घास तेथेच राहिला. दुसरे दिवशी दोन्ही दरबारांस बातमी पोहोचली. प्राचार्यांस दोन फोन आले, आणि फोन ठेवोन त्यांनी मंडळास बोलाविले. बोलिले, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला? आता वर्षभर तो विषय नको." हृषीकेश मान खाली घालोन उभा. केतकीचे डोळे भरले, परंतु आवाज हलला नाही. ती बोलिली, "चूक आमची, सर. पण विषय सोडणार नाही." प्राचार्यांनी चष्मा पुसिला आणि सह्या करू लागले.

मग आश्विनमासी, ऊन टोचत असता, मंडळाने नवा डाव मांडिला. मोर्चा नाही, घोषणा नाही, फलक नाही. तास सुटताच केतकी आणि वृषाली अभ्यासिकेपुढील ओसरीत गेल्या, फितीकडे पाठ करोन बसल्या, आणि पुस्तक उघडोन वाचू लागल्या. दुसरे दिवशी आणिक आले. हृषीकेशास गर्दी जमविण्याचा हातखंडा, तो वर्गोवर्गी फिरोन सांगे, "या, बसा, पण तोंड उघडलंत तर हाकलून देईन," आणि रयत कौतुकाने येई, आणि एकदा बसली की वाचू लागे, कारण दुसरे करावयास काही नव्हते. ओसरी भरली, जिना भरला, मग मैदानाचे पायरीपर्यंत पुस्तकेच पुस्तके. अध्यापक येता जाता पाय टाकावयास जागा शोधीत, आणि आपोआप हळू बोलत. ऐसी शांतता या राज्यात परीक्षेचे दालनीही कोणी देखिली नव्हती. काही टवाळ बाहेर हसत होते, त्यांतील निम्मे दोन दिवसांत आत येवोन बसले. केतकीने एकासही येण्याचा आग्रह केला नाही आणि एकासही उठू दिले नाही.

तेव्हा प्राचार्य स्वतः चालोन आले. बोलिले, "हे काय चाललंय?" केतकी उभी राहोन बोलिली, "अभ्यास, सर." "इथं जमिनीवर?" "आत जायला फीत आडवी आहे, सर." प्राचार्य बोलिले, "मागण्या आहेत तर घोषणा द्या, निवेदन द्या, मी बघतो." केतकी बोलिली, "घोषणा दिल्या तर ह्यांचा अभ्यास बुडतो." घोषणांस काय करावे हे त्यांस ठाऊक होते, वाचणारांस काय करावे हे कोणत्याही परिपत्रकात नव्हते. ते माघारी फिरले, तो वाटेत वृषाली बसली होती, आणि तिचे वहीवर त्यांची नजर गेली. दोलनाचे गणित होते, आणि ते अर्ध्यावर चुकले होते. प्राचार्य थबकले. बोलिले, "हे चिन्ह उलटं घेतलंस." ती बोलिली, "का उलटं, सर?" ते वाकले, मग पायरीवर बसले, मग समजावू लागले, आणि समजाविता समजाविता त्यांचा हात हवेत आकृती काढू लागला. आसपासची मुले सरकोन जवळ आली. प्राचार्य बोलिले, "असं कळायचं नाही, आकृती लागेल. फळा कुठाय?" वृषाली बोलिली, "आत आहे, सर."

प्राचार्य फितीकडे पाहात राहिले. सारी ओसरी त्यांजकडे पाहात राहिली. केतकी एक अक्षर बोलिली नाही, आणि तिणे बोलू नये हे तिला कळले, यातच तिचे सचिवपण दिसले ऐसे माझे मत आहे. मग प्राचार्य हळूच बोलिले, "कापायची नाही. कापली की उद्घाटन झालं. सोडायची. रोज सकाळी सोडायची, संध्याकाळी पुन्हा बांधायची. उद्घाटन बाकीच राहील, कुणाला बोलायला जागा नको." गाठ पावसापाण्याने घट्ट बसली होती, ती हृषीकेशाचे नखांस दाद देईना, तेव्हा वृषालीने दातांनी सैल केली. दार ढकलिले, धुळीचा वास आला, पंखा कुरकुरत फिरू लागला, आणि प्राचार्यांनी खिशात हात घातला तो खडू सापडेना, म्हणोन एक पोर धावत वर्गातोन घेवोन आले. त्या दिवशी सरांनी फळा भरोन दोलने शिकविली आणि सह्यांचे कागद तैसेच राहिले.

पुढे मार्गशीर्षात परीक्षा जाहाल्या, आणि पौषात निकाल लागला, आणि वृषालीचे फिजिक्स सुटले. तिचे बाबा स्वतः राज्यात आले, अभ्यासिकेचे दारात चपला काढोन उभे राहिले, आत डोकावले, आणि केतकीस बोलिले, "मामाला नाही म्हणून कळवलं. पोरगी इथं बसते होय?" केतकी "हो" म्हणाली. ते आणिक थोडा वेळ पाहात उभे राहिले आणि एसटी धरावयास गेले. मग गॅदरिंग जाहाले, आणि हृषीकेशाने सर्वांत पहिला फेटा केतकीस बांधिला, आणि तिणे तो हसत बांधोन घेतला.

फाल्गुनमासी दोन्ही दरबारांचा समेट जाहाला. पत्रिका ऐसी छापिली की, एका बाजूस अण्णा वर, उलटली की तात्या वर. दोघे एकाच दिवशी वाजतगाजत आले. ढोलपथक फाटकात थांबविले ते कोणी, तर हृषीकेशाने, ज्याचा जीव ढोलात. बोलिला, "पुन्हा परीक्षा जवळ आली, हळू." ताटात कात्री घेवोन मंडळी दारापर्यंत आली, तो फीत नित्याप्रमाणे सकाळीच सोडोन खिळ्यास अडकविली होती, आणि आत जागोजागी मुले वाचीत होती. कोणी उठले नाही, कोणी पाहिलेही नाही. अण्णा आत पाऊल टाकिते जाहाले, इतक्यात त्यांचे खिशात फोन खणाणला, आणि ते मोठ्याने बोलिले, "हां, बोला!" खिडकीखाली वृषाली गणित सोडवीत होती. कोण आले ते तिणे पाहिले नाही, मान वर केली नाही, फक्त बोलिली, "फोन बाहेर." अण्णा प्राचार्यांकडे पाहात राहिले. प्राचार्य फळ्याकडे पाहात राहिले. अण्णा फोनात हळूच बोलिले, "थांबा, बाहेर येतो," आणि बाहेर गेले. मागे तात्या उभे होते, त्यांनी आपला फोन काढोन मुका केला.

एवंच, ज्या मुलुखात बसावयास जागा नव्हती तो बसोनच घेतला. पाण्याचे आणि दिव्याचे काम जाहाले, बाकीचे चालू आहे. ताटातील कात्री तैसीच परत गेली, म्हणोन उद्घाटन अद्याप व्हावयाचे आहे. लिहिणे येथे पुरे करितो, कारण शेजारील टेबलावरोन लेखणीची कुरकुर बंद करावी ऐसी आज्ञा आली आहे.