दाऊदचाचांचा डिसमिस

आमचे वडील बंदरात हमाल. दोघा भावांत धड सदरा एकच. भाऊ सकाळच्या कामावरून आला की तोच घालून मी कॉलेजला जायचो. घराण्यातला पहिला बी.ए. मी, हे मी कुणी न विचारताही सांगतो. गावात नोकरी मिळेना, म्हणून ऐंशी सालाच्या सुमारास कुवेत गाठलं आणि तिथल्या शर्क भागात बोटी दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात स्टोअरकीपर झालो. पहिल्याच दिवशी पाहिलं, पिकल्या दाढीचा एक माणूस बोटीच्या तळाच्या फळ्यांवर पालथा पडून डिसमिस चावत होता. डिसमिस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. आपल्याकडचे कारागीर असंच म्हणतात.

हे रत्नागिरीकडचे दाऊदचाचा. बोटीच्या तळाला बसवलेल्या खुर्च्या, कड्या लाटांनी हलून ढिल्या होतात. त्या पक्क्या करणं त्यांचं काम. डिसमिसचं टोक स्क्रूवर ठेवायचे, मूठ दातांत धरायचे आणि मला खूण करायचे, की नाच. मी फळीवर टाच आपटायचो.

"ह्यो ढिला. दाताला कळतं."

"मग आवळा की, चाचा."

"नुस्ता पिळून काय, बीए? भोकच मोठं झालंय. आधी भोक भर!" मग लाकडाची खुंटी राळेत बुडवून भोकात ठोकायची. ती सुकेपर्यंत बोटीला कुणी हात लावायचा नाही.

त्यांची मान खाली असताना "जेवलात का?" विचारलं, तर उत्तर यायचं, "नाय, दोन इंची." वर्कशॉपात म्हणत, म्हाताऱ्याचाच एक स्क्रू ढिला आहे. आता गावी जा म्हटलं की उसळायचे, "सकीना बीए झाल्याबगर हलनार नाय!" सकीना म्हणजे गावी असलेली मुलगी.

एकदा आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, मागून ओरडला, बोट आजच हवी. चाचा आपले खुंटी ठोकताहेत. मुदीरने तीनदा हाका मारल्या. शेवटी समोर येऊन कडाडला, "डिसमिस! यू आर डिसमिस!"

चाचांनी त्याच्या ओठांकडे नीट पाहिलं आणि अदबीने डिसमिस त्याच्या हातात ठेवला.

मी अर्थ समजावला तेव्हा मुदीर पोट धरून हसला. नोकरी वाचली.

हा बेरकीपणा होता की काय, हे विचारायला मी शुक्रवारी दुपारी खैतानला त्यांच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. हाका मारल्या, पाठमोरे चाचा हलले नाहीत. बाजूने डोकावलं, तर समोर टेपरेकॉर्डर, आवाज पुरता चढवलेला. डिसमिसचं टोक त्याच्यावर टेकवलेलं, मूठ दातांत. कॅसेटमधून मुलगी विचारत होती, "अब्बा, ऐकताय ना?"

चाचांनी मान हलवली.

चाचांचे कान केव्हाच गेले होते. मी आल्या पावली परतलो, कुणापाशी बोललो नाही.

पुढे मुदीर मागून आला की मी फळीवर दोनदा टाच आपटायचो. चाचा वळून सलाम ठोकायचे. तीन वर्षं हे चाललं.

सकीना बी.ए. झाली. त्यांच्या घराण्यातली पहिली.